या महिन्याची पायरी

नवा माणूस भेटला की वकीलसाहेब त्याला नाव-गाव विचारत नसत. विचारत, "पायऱ्या किती?"

समोरचा गोंधळायचा. मग ते समजावून सांगत, की तुम्ही जिथं काम करता तिथं रस्त्यापासून तुमच्या खुर्चीपर्यंत पोचायला किती पायऱ्या चढाव्या लागतात. बहुतेकांना सांगता यायचं नाही. माणूस रोज चढतो, रोज उतरतो, पण मोजत नाही. वकीलसाहेबांनी मात्र जालन्यातल्या झाडून साऱ्या मोजल्या होत्या, आणि त्यामुळं त्यांच्या बोलण्यात माणसं आकड्यांनीच यायची. "काल पाच पायऱ्या भेटला होता," असं ते म्हणाले की समजायचं, बियाण्याच्या कंपनीचा मालक भेटला. "सात पायऱ्यांची पोरगी बारावीला पहिली आली," म्हणजे एका मोठ्या कापड दुकानदाराची. यात कुचेष्टा नव्हती. त्यांना नावं खरोखरच लक्षात राहत नसत. मला ते कायम "तीन पायऱ्या अन् उंबरा" म्हणायचे, आणि मी तसा चिडका माणूस असूनही मला त्याचा कधी राग आला नाही. आता तसं म्हणणारं कुणी उरलं नाही, याचं वाईट वाटतं.

त्यांचे दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेले होते. जालन्यातच मस्तगड भागात एका गल्लीत तळमजल्यावर त्यांची एक खोली होती. तेच घर, तेच ऑफिस. हातानं दांडा फिरवून चालवायची तीनचाकी सायकल, मे महिन्यातसुद्धा अंगात काळा कोट, गळ्यात मोजपट्टी आणि खिशात गवंड्याची पाणसळ, असा सगळा सरंजाम. मोंढ्याच्या बाजारात एकदा एका बाईनं गळ्यातली पट्टी बघून त्यांना शिंपी समजलं आणि लेकाच्या चड्डीचं माप घ्यायला लावलं. त्यांनी घेतलं, कागदावर नीट लिहून दिलं, आणि मग विचारलं, "ह्याच्या शाळेला पायऱ्या किती, माय?"

त्यांचा एकच हट्ट होता आणि त्याच्यावर त्यांचं सगळं वागणं बेतलेलं होतं. त्यांना कुणी उचलायचं नाही. आपल्याकडं अपंग माणूस पायरीशी थांबलेला दिसला की चार जण धावतात. दोघं बखोटीला धरतात, दोघं गाडी उचलतात, "चला, चला" म्हणत त्याला आत नेऊन ठेवतात आणि हात झटकत, पुण्य पदरात पडल्यासारखे हसतात. या मंडळींचा वकीलसाहेबांना मनापासून संताप यायचा. "मी पोतं न्हाई," एवढंच म्हणायचे. जिथं पायरी असेल तिथं ते रस्त्यावरच थांबत आणि सायकलची घंटी वाजवत. ज्याच्याशी काम असेल त्यानं खाली यायचं. एका कचेरीत साहेब वरच्या मजल्यावर बसायचे. वकीलसाहेबांनी शिपायाच्या हाती वर अर्ज पाठवला: 'मी खाली हजर आहे. आपण वर हजर आहात. भेट कुठे व्हावी ते कळवावे.' साहेब पाऊण तासानं उतरून आले. वकीलसाहेबांनी बशीत चहा ओतून अर्धा त्यांना दिला आणि कडुनिंबाखालीच काम उरकलं. पुढं त्या साहेबांनी आठवड्यातला एक दिवस खालीच बसायचं ठरवलं, आणि बदली होईपर्यंत ते पाळलं.

पंच्याण्णव साली अपंगांसाठी नवा कायदा झाला. आमच्या जिल्ह्यात तो किती जणांनी वाचला असेल, देव जाणे. वकीलसाहेबांनी तो मागवून घेतला, इंग्रजीतून मराठीत उतरवला, आणि दर महिन्याच्या एक तारखेला पत्रक काढायला सुरुवात केली. सायक्लोस्टाइल केलेलं, पाठपोट, शाई कुठं गडद तर कुठं गायब. वर मथळा: 'मालक, मुख्याध्यापक व वकील मंडळींच्या माहितीसाठी.' नवा शासन निर्णय कोणता निघाला, कुठल्या कोर्टानं काय म्हटलं, नोकरी देणाऱ्यानं काय करायचं आणि काय केलं तर तो गोत्यात येईल, हे सगळं त्यात असायचं. भाषा अशी, की दुसऱ्या परिच्छेदाला डुलकी यावी. पण अगदी तळाला एक चौकट असायची, 'या महिन्याची पायरी'. तिच्यात एका इमारतीचं वर्णन, पायऱ्यांचा आकडा, इंचात उंची, आणि कठडा आहे की नाही. नाव दिलेलं नसायचं, पण वर्णन इतकं चपखल, की चहाच्या टपरीवर दहा मिनिटांत इमारत ओळखली जायची. कायदा कुणी वाचत नसे; पायरी सगळे वाचत. जिची पायरी छापून यायची त्या इमारतीचा मालक महिनाभर मस्तगडातून जायचं टाळायचा.

एका महिन्यात त्यांनी स्मशानभूमीची पायरी छापली. चौथऱ्याला पाच पायऱ्या, प्रत्येकी सात इंच, कठडा नाही. तेव्हा मात्र लोक हसले. एक ज्येष्ठ वकील त्यांना म्हणाले, "अहो, तिथं तर सगळेच उचलून जातात. तिथं कशाला उतार पाहिजे?" वकीलसाहेब म्हणाले, "जाणारा उचलूनच जातो. त्याला पोचवायला येणाऱ्यानं काय करायचं?" स्वतःच्या वडिलांच्या वेळी ते खाली फाटकाशी एकटेच बसून राहिले होते, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं.

हे पत्रक आमच्याकडंही यायचं. मी आष्टीला एका संस्थेच्या शाळेत पी.टी.चा मास्तर. मुख्याध्यापक पत्रक उघडायचे, पुन्हा घडी घालायचे आणि माझ्याकडं द्यायचे, कारण मला त्याचा उपयोग होता. मैदानावर रेषा मारायची फक्की मी त्या कागदात पुड्या करून बांधून ठेवायचो. खो-खोची पुडी वेगळी, कबड्डीची वेगळी. कागद चांगला जाड होता, ओल धरत नसे. दोन वर्षांचा कायदा मी असा मैदानावर वापरून टाकला आणि मला त्यातलं एक अक्षर ठाऊक नव्हतं.

मग एका हिवाळ्यात सासऱ्यांच्या शेतात कापसाची ट्रॉली मागं घेताना माझ्या डाव्या पायावरून गेली. औरंगाबादला एका दवाखान्यात पाय गुडघ्याखालून काढावा लागला. कुबड्या घेऊन घरी आलो, तर संस्थेचं पत्र येऊन पडलेलं. शारीरिक शिक्षण शिक्षकाच्या पदास आपण आता योग्य राहिला नसल्याने आपण स्वेच्छेने राजीनामा द्यावा, संस्थेस आपल्याविषयी पूर्ण सहानुभूती आहे, वगैरे. चौदा वर्षं नोकरी झाली होती. दोन मुली शिकत होत्या, स्वतःचं शेत नव्हतं. मला आयुष्यात दोनच गोष्टी येतात, ओरडणं आणि रांगा सरळ करणं. नोकरी गेली असती तर घर चाललं नसतं, हे तर होतंच. पण सकाळी शाळेची घंटा झाली की गावात सगळे कुठंतरी निघणार आणि मी ओट्यावर बसून ती ऐकणार, याची मला जास्त भीती वाटत होती.

राजीनाम्यावर सही करायला पेन पाहिजे होता. बायको कोनाड्यात पेन शोधत होती, तिच्या हाती फक्कीची एक रिकामी पुडी लागली. तिनं ती झटकली, उजेडात धरली आणि वाचत उभी राहिली.

"अवो," ती म्हणाली, "यात तर तुमचंच लिव्हेल हाय."

चौथ्या दिवशी आम्ही दोघं मस्तगडला त्यांच्या खोलीत होतो. दाराला पायरी नव्हती, उंबराही नव्हता. कुबड्या घेतल्यापासून मी पहिल्यांदाच एखाद्या दारातून खाली न बघता आत गेलो. त्यांनी विचारलं, "शाळेला पायऱ्या किती?" मला सांगता येईना. बायको म्हणाली, "तीन. अन् वर उंबरा हाय." ती आयुष्यात एकदाच त्या शाळेत आली होती.

मी सगळी हकिगत सांगितली आणि शेवटी म्हणालो, "आता माझ्यासारख्या बिचाऱ्या माणसानं करावं तरी काय?"

त्यांनी कागद आणि पेन माझ्यापुढं सरकवले. त्या खोलीत 'बिचारा' हा शब्द जो उच्चारील त्यानं कायद्याचं एक कलम हातानं लिहून काढायचं, असा नियम होता. मला सत्तेचाळिसावं मिळालं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कुणाला काढता येत नाही आणि खालच्या पदावर टाकता येत नाही. तेच काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायचं. तेही नसेल तर जादा पद काढून त्यावर ठेवायचं. आणि हे सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेलाही लागू. उभ्या जन्मात पोरांना शिक्षा म्हणून लिहायला लावणारा मी, तिथं मान खाली घालून लिहीत होतो.

मग त्यांनी एक कोरा कागद घेऊन त्याचे रकाने पाडले. ही त्यांची खास रीत. कुठलंही काम असो, ते त्याची वाटणी करत: हाताकडं काय, डोळ्यांकडं काय, तोंडाकडं काय आणि पायांकडं काय. बियाण्याच्या कंपनीत दोन अपंग माणसं त्यांनी असाच कागद करून कामाला लावली होती.

"शिट्टी वाजवणं?"

"तोंड," मी म्हणालो.

"रांगा बघणं?"

"डोळे."

"मैदानावर रेषा मारणं?"

"हात," मी जरा दबकत म्हणालो. पुड्यांची गोष्ट मी त्यांना सांगितली नव्हती.

"पळणं?"

"ते पाय. तिथंच तर अडलंय सगळं."

"मास्तर, तुम्ही शेवटचं कधी पळाले?"

मी आठवायला लागलो. बायको तोंडाला पदर लावून हसत होती. "लग्नाआधी पळत असतील," ती म्हणाली. "मी तर कधी पाह्यलं न्हाई."

वकीलसाहेबांनी पायांच्या रकान्यात शांतपणे फुली मारली. पाय गेल्यापासून त्या दिवशी मी पहिल्यांदा हसलो.

कोर्टात जायची त्यांना घाई नव्हती. "आधी बोलू. कोर्ट काय कुठं पळून जाऊन राह्यलं का?" असं म्हणून त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं, बैठकीची तारीख ठरवून घेतली आणि जीपच्या टपावर सायकल बांधून ते आष्टीला आले. जीपमध्ये ते हातांवर जोर देऊन स्वतः चढत आणि स्वतः उतरत. त्यात बराच वेळ जायचा आणि तेवढा वेळ कुणी जवळ यायचं नाही, असा ड्रायव्हरला हुकूम होता.

संस्थेचे अध्यक्ष म्हणजे गावातले मोठे शेतकरी. त्यांना सगळे अण्णा म्हणत. शाळा त्यांनीच उभी केली होती, स्वतः विटा मोजून घेऊन. माणूस मनानं चांगला. बैठक मुख्याध्यापकांच्या खोलीत होती, म्हणजे तीन पायऱ्या चढून उंबऱ्याच्या आत. वकीलसाहेब पायऱ्यांच्या खाली सायकलवर थांबले आणि त्यांनी घंटी वाजवली.

आतून अण्णांचा निरोप आला, "पाहुण्यांना उन्हात काहून ठिवलं? आत आणा त्यांना."

वकीलसाहेब खालून म्हणाले, "अण्णा, तुम्हीच खाली या. झाडाखाली बसू."

पुन्हा निरोप आला, पुन्हा उत्तर गेलं. आत चहा थंड झाला. एका सभासदाला परतूरची गाडी पकडायची होती, तो घड्याळ बघायला लागला, दुसरा उठून उभा राहिला. मी मधे दारात कुबड्यांवर उभा. माझी चौदा वर्षांची नोकरी आत टेबलावर पडली आहे, सभासद निघून जायला लागलेत, आणि हा माणूस तीन पायऱ्यांसाठी अडून बसलाय. माझं डोकं फिरलं. शाळेचे दोन शिपाई बाजूला उभे होते, त्यांच्याकडं बघून मी मैदानावरच्या आवाजात ओरडलो, "उचला!"

त्या आवाजाची त्यांना चौदा वर्षांची सवय होती. विचार करायच्या आत त्यांनी सायकलसकट वकीलसाहेबांना उचललं. ते म्हणाले, "खाली ठेवा." मग जरा मोठ्यानं, "खाली ठेवा." तिसऱ्यांदाही म्हणाले. तिन्ही वेळा मला स्पष्ट ऐकू आलं. शिपायांनी त्यांना अण्णांच्या शेजारी नेऊन ठेवलं. अण्णांनी हौसेनं शाल घातली, नारळ पुढं केला. वकीलसाहेबांनी नारळ घेतला नाही. ते माझ्याकडं वळले, आवाज अजिबात चढवला नाही.

"मास्तर, आज तुम्ही मला उचलून ठेवलं. आता हे लोक तुम्हाला उचलून ठेवतील. कुठं, ते तुम्हाला कुणी इचारणार न्हाई."

मला तेव्हा त्याचा राग आला. पण पाचच मिनिटांत अण्णा बोलायला लागले, आणि मी ऐकत गेलो. "मास्तर, तुम्ही आता आराम करा. नोकरीचं काय घेऊन बसले? राजीनामा द्या, घरी बसा. संस्था तुम्हाला वाऱ्यावर सोडणार न्हाई. धान्य घरपोच येईल. पोरींच्या लग्नाचं माझ्याकडं लागलं." अण्णांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. सगळे माना डोलवत होते. माझीही मान हलणार होती. चांगुलपणानं कुणी असं चहूबाजूंनी धरलं की नाही म्हणायला जीभ उचलत नाही, आणि त्या क्षणी मला कळलं की आपले पाय जमिनीपासून सुटलेले आहेत.

"मास्तर काय ते मागून बोलतील," वकीलसाहेब म्हणाले. "आधी माझं बघा. मी आलो न्हाई, मला आणलं. तसं नोंदवा. आता मी जाईन तो माझ्या चाकांवर जाईन. तोवर इथंच बसतो."

"म्हंजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हंजे उतार बांधा."

अण्णा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की हा माणूस चेष्टा करून राह्यला नाही. पाहुण्याला हाकलता येत नाही, आणि उचलायची तर चोरी. शाल अंगावर घेऊन वकीलसाहेब खोलीच्या मधोमध बसले होते. ऊन उतरायच्या आत गावातला मिस्त्री बोलावला गेला.

खिडकीतून वकीलसाहेबांनी हिशेब सांगितला. तीन पायऱ्या, सहा-सहा इंच, म्हणजे दीड फूट. एक फूट चढायला बारा फूट लांबी, म्हणजे अठरा फूट. मिस्त्री म्हणाला, "अठरा फूट? साहेब, एवढ्या विटांत तर एक खोली निघंल." वकीलसाहेब म्हणाले, "खोली हाय की. आत जाता येत न्हाई, तेवढंच." उंबऱ्याला हात लावू नका, दर दसऱ्याला त्याची पूजा होते, असं अण्णांचं म्हणणं पडलं. "काढू नका," वकीलसाहेब म्हणाले, "बुडवा. फरशीच्या बराबर बसवा. पूजेला आडवं येत न्हाई ते." अण्णांनी ते मानलं.

रेषा आखायचं काम माझ्याकडं आलं. मी घरून फक्कीची पुडी मागवली. कुबड्या बाजूला टाकल्या, जमिनीवर बसलो, आणि सरकत सरकत अठरा फुटांच्या दोन समांतर रेषा मारल्या. आयुष्यात मारलेल्या सगळ्या रेषांत त्या सर्वांत सरळ आल्या. पुडी रिकामी झाल्यावर कागद वाऱ्यानं खिडकीपाशी गेला. वकीलसाहेबांनी वाकून तो उचलला, उलटापालटा करून बघितला आणि म्हणाले, "मास्तर, हा तर माझा जूनचा अंक."

मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही. "कागद चांगला होता, साहेब," एवढंच मी म्हणालो. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला. पुढं कितीतरी दिवस ते लोकांना सांगत, की माझ्या पत्रकाचा प्रत्यक्ष जमिनीवर परिणाम झालेलं आष्टी हे पहिलंच गाव.

काम चार दिवस चाललं, आणि ते चार दिवस वकीलसाहेब शाळेतच राहिले. मुख्याध्यापक व्हरांड्यात टेबल टाकून बसले. गावातून भाकरी, ठेचा, वरण असं काही ना काही यायचं. दुसऱ्या दिवसापासून लोक कागद घेऊन यायला लागले. कुणाचा हात मळणी यंत्रात गेलेला, कुणाची ऐकू न येणारी मुलगी शाळेनं परत पाठवलेली. वकीलसाहेब प्रत्येकाला आधी पायऱ्या विचारत आणि मग काम. एक म्हातारा तर नुसताच आला आणि सांगून गेला, "आमच्या घराला दोन हायेत, साहेब."

त्याच काळातली एक गोष्ट अण्णांनी मला फार मागाहून सांगितली. एका पहाटे ते स्वतः दूध घेऊन शाळेत गेले होते. अजून कुणी उठलेलं नव्हतं. संडास शाळेच्या मागं, आणि वकीलसाहेब तिकडून परत येत होते, हातांवर. चाकांवर बाहेर जाणार, असं ते म्हणाले होते ते वकील म्हणून. माणूस म्हणून त्यांना रोज अंधारात त्या तीन पायऱ्या उतराव्या आणि चढाव्या लागत होत्या, आणि ते त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

"मी दूध घिऊन उभा," अण्णा सांगत होते. "एकेक पायरी, मास्तर. वाटलं, जावं अन् हात द्यावा. मंग त्यांचं बोलणं आठवलं. न्हाई गेलो. किती टाइम लागला असंल त्या माणसाला. ती शाळा मी बांधेल हाय. मी त्या पायऱ्या कधी मोजल्या न्हाईत हो."

त्या सकाळी अण्णा दूध ठेवून आले आणि पायऱ्यांच्या समोर खुर्ची टाकून दिवसभर बसले. मिस्त्री विटेवर वीट ठेवत होता. मी शिट्टी घेऊन मजुरांवर ओरडत होतो, पाण्याच्या घागरींची रांग लावत होतो, दोरी सरळ नाही म्हणून एक थर मी काढून पुन्हा रचायला लावला. मला कशाचंच भान नव्हतं. दुपारी मागून अण्णांचा आवाज आला. ते मुख्याध्यापकांना म्हणत होते, "हे मास्तर तर सगळं तसंच करून राह्यले. मंग आपण त्यांना घरी काहून बसवून राह्यलो?"

अण्णा माझ्याजवळ आले. "मास्तर, सोमवारी या. शिट्टी घिऊन या," असं म्हणाले आणि धोतराचा सोगा सावरत निघून गेले. मी तिथंच विटांच्या ढिगावर बसलो. रडलो, हे सांगायला मला लाज वाटत नाही. वकीलसाहेबांनी मात्र तोंडी शब्दावर काम सोडलं नाही. त्याच संध्याकाळी ठराव लिहून घेतला, कलम सत्तेचाळीस घालून, त्याच पदावर, त्याच पगारावर, आणि अण्णांची सही घेतली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, तुम्हाला उचलायला लावलं ती माझी चूक झाली. कोणतं कलम लिहू, सांगा."

"याला कलम न्हाई, मास्तर," ते म्हणाले. "बसा. जेवू."

चौथ्या दिवशी सिमेंटवर चाक घालायला मिस्त्रीनं परवानगी दिली. वकीलसाहेबांनी आधी दारातून वाकून उतारावर पाणसळ ठेवली, बुडबुडा कुठं येतो ते पाहिलं आणि मान हलवली. मग ते सायकलवरून उतारानं खाली गेले. आम्हाला वाटलं, झालं, आता जीपकडं जातील. पण त्यांनी सायकल वळवली आणि पुन्हा वर आले. पुन्हा खाली गेले, पुन्हा वर. तिसऱ्यांदा वर आल्यावर अण्णांनी नारळ पुढं केला, आणि तो त्यांनी घेतला. पुढच्या पत्रकात तळाच्या चौकटीत दोनच ओळी होत्या: 'या महिन्याची पायरी: आष्टीची शाळा. तीन होत्या. आता नाहीत.' तो अंक मुख्याध्यापकांनी काचेत लावून ठेवला. त्याची पुडी करायची माझी टाप नव्हती.

त्यानंतर आमची गाठ पडत राहिली. जालन्याला गेलो की मस्तगडला चक्कर व्हायचीच. मला कृत्रिम पाय बसला तेव्हा त्यांनी मोजपट्टीनं दोन्ही पायांची उंची मोजली आणि पाव इंचाचा फरक काढून मला पुन्हा दवाखान्यात पाठवलं. त्यांचं खरंच बरोबर होतं. पत्रक चालू होतं. स्मशानभूमीची पायरी त्यांनी दर वर्षी एकदा छापली, नगरपालिकेत दर वर्षी नवा अर्ज दिला. लोकांचं हसणं हळूहळू बंद झालं, आणि एका उन्हाळ्यात तिथं उतार झाला. त्यांनी तो मोजला. एकास बारा, बरोबर.

ते गेले ते दोन दिवसांच्या तापाचं निमित्त होऊन. त्या महिन्याचं पत्रक आदल्या आठवड्यातच आलं होतं. मी आणि अण्णा आष्टीहून गेलो. शेजारी सांगत होते, की त्यांनी आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. "त्या दिवशी उचला. त्या दिवशी मी काही बोलणार न्हाई."

अण्णांचं वय झालं होतं, तरी हट्टानं त्यांनी खांदा दिला. स्मशानात पोचल्यावर पुढचे लोक सवयीनं पायऱ्यांकडं वळले. अण्णा थांबले आणि म्हणाले, "तिकडून न्हाई. उतारावरून चला." सगळी माणसं वळली. मी मागून एकटा चालत होतो. एका तरुणानं मला हात द्यायला हात पुढं केला आणि मग, का कुणास ठाऊक, आधी विचारलं, "काका, हात देऊ का?" मी म्हणालो, "नको. जमतंय."

वर पोचून मी मागं वळून पाहिलं. जिल्ह्यातून कुठून कुठून माणसं आली होती. सात-आठ तीनचाकी सायकली, कुबड्या, पांढऱ्या काठ्या, ऐकू न येणाऱ्या त्या मुलीचा बाप तिला घेऊन आलेला. सगळे हळूहळू, आपापल्या चालीनं उतार चढून वर आले आणि त्यांच्याभोवती उभे राहिले.

फाटकाशी त्या दिवशी कुणीही बसून राहिलं नव्हतं.